नेटपाशी आधी डोळे, मग रॅकेट

‘भाऊ, तुझी लाइन सांभाळ!’ जळगाव-धुळ्याकडे सकाळी दुहेरीचा डाव रंगला, की नेटवरच्या खेळाडूला मागून ही सूचना मिळतेच. ती मनापासून दिलेली असते, पण बहुतेक वेळा चुकीची.

टेनिसचं नेट मध्यभागी ०.९१४ मीटर उंच असतं आणि खांबापाशी १.०७ मीटर. म्हणजे लाइनवरून सरळ मारणाऱ्याला सुमारे १५ सेंटिमीटर जास्त उंचीवरून चेंडू काढावा लागतो. शिवाय सरळ रेषेत कोर्टाची लांबी २३.७७ मीटर, तर कोपऱ्यातून कोपऱ्यात ती २६ मीटरच्या वर जाते. आडव्या फटक्याला नेट ठेंगणं आणि जागा जास्त, त्यामुळे बहुतेक चेंडू मधूनच जातात. लाइनला चिकटून उभा राहिलेला खेळाडू नेमकी हीच वाट मोकळी सोडतो आणि मागचा जोडीदार एकटा झुंजत राहतो. सामन्यात दोन-तीन चेंडू लाइनवरून निघून गेले तर खुशाल जाऊ द्यावेत. मात्र आपल्या बाजूने प्रतिस्पर्ध्याला अगदी कडेला खेचलं असेल, तर त्याला सरळ फटक्याची वाट खुली होते. अशा वेळी चेंडूच्या दिशेने एक पाऊल सरकून लाइन झाकायलाच हवी.

दुसरा समज असा, की नेटवर खेळायला विजेसारखे हात लागतात आणि ते वयाबरोबर जातात. रोहन बोपण्णाने मॅथ्यू एब्डनसह २०२४ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. पलीकडच्या बेसलाइनवरून ताशी १०० किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू नेटवरच्या खेळाडूपाशी अर्ध्या सेकंदाच्या आसपास पोहोचतो. चेंडू सुटल्यावर विचार सुरू केला, तर त्यातला बराच वेळ नुसत्या भानावर येण्यातच जातो. म्हणून तो सुटण्याआधीच बघायला शिकावं लागतं. प्रतिस्पर्ध्याने चेंडू शरीराच्या पुढे गाठला, तर फटका बहुधा आडवा येतो. उशिरा गाठला, तर सरळ जाण्याची शक्यता वाढते. रॅकेट चेंडूखाली गेली, तिचं तोंड आकाशाकडे वळलं आणि खांदे मागे झुकले, की लॉब येणार असं समजून मागे सरकायला लागावं. आणि प्रतिस्पर्धी फटका मारत असताना आपली छोटी उडी जमिनीला टेकलेली असावी, म्हणजे दोन्ही बाजूंना पाय मोकळे राहतात. जोडीदार काय करतोय हे मान वळवून बघण्याची सवय तर आधी सोडावी, कारण ही सगळी चिन्हं नेटच्या पलीकडेच दिसतात.

बॅडमिंटनमधून टेनिसकडे आलेल्यांना वाटतं, की वॉली मनगटाने झटकायची. टेनिसचा चेंडू बॅडमिंटनच्या फुलापेक्षा कितीतरी जड असतो. इथे मनगट घट्ट, रॅकेट फारशी मागे न नेता पुढे, आणि जोर पावलाचा. निशाणा दोघा प्रतिस्पर्ध्यांच्या मधला किंवा त्यांच्या पायांजवळचा.

नेटला अगदी खेटून उभं राहणंही फायद्याचं नाही. नेटला स्पर्श झाला तर गुण जातो आणि डोक्यावरून लॉब सहज निघतो. सर्व्हिस बॉक्सच्या मध्याच्या आसपास सुरुवात करून चेंडूकडे तिरकं पुढे जावं. खानदेशच्या उन्हाळ्यात तापलेली हवा विरळ होते, चेंडूही जास्त उसळतो आणि लांब जातो. त्यामुळे सकाळी सातला आत पडणारा तोच लॉब दहा वाजता बाहेर पडू शकतो. प्रत्येक लॉबमागे धावण्याआधी हेही ध्यानात घ्यावं.

मध्ये घुसून जोडीदाराकडे जाणारा चेंडू तोडणं म्हणजे आगाऊपणा, हा समज मला सगळ्यात नुकसानीचा वाटतो. ती आधी ठरवून केलेली चाल असते. सर्व्हिसपूर्वी नेटवरचा खेळाडू पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करतो, तो जाणार की थांबणार हे मागच्याला कळतं, आणि तो गेला की मोकळी झालेली बाजू मागचा भरून काढतो. श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसलेने बोपण्णासह हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सप्टेंबर २०२३मध्ये मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं ते पहिला सेट २-६ असा गमावून. पुढचा ६-३ आणि निर्णायक टायब्रेक १०-४. असा मागे पडलेला डाव सावरताना दोघांचं एकमेकांशी बोलणं तुटून चालत नाही.

सरावाला चौघं जमली नाहीत तरी तिघांत हे शिकता येतं. एकाने बेसलाइनवरून चेंडू मारायचा, दुसऱ्याने समोरच्या बेसलाइनवर थांबायचं आणि तिसऱ्याने नेटवर उभं राहून फटका सुटण्याआधी मोठ्याने सांगायचं: आडवा, सरळ की लॉब. पहिले काही दिवस वॉली मारायचीच नाही, फक्त ओळखायचं.