डोळ्यातली ओसरी

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला चारच दिवस झाले होते. आईने चष्मा काढून ठेवला आणि निकाल दिला, "अरे, धुके आहे ते आहेच! दुसऱ्या डोळ्याला मी हात लावू देणार नाही."

माझ्या पोटात धस्स झाले. तिच्या दोन्ही डोळ्यांचा पुढचा कप्पा उथळ. अशा डोळ्यात पाण्याची वाट बंद पडून एकाएकी काचबिंदूचा झटका येऊ शकतो. मावशीचा डोळा असाच गेला. घरच्यांनी पित्ताची डोकेदुखी म्हणून दोन दिवस सुंठ उगाळली होती.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. "आजी, इथे हनुवटी टेका," एवढेच म्हणाले. त्या यंत्राला ओ.सी.टी. म्हणतात. डोळ्याला स्पर्श न करता ते अवरक्त प्रकाश सोडते आणि परतलेल्या प्रकाशावरून आतला छेद रेखाटते. १९९१ साली ही युक्ती प्रसिद्ध झाली. १९९४ साली तिने डोळ्याचा पुढचा भागही टिपला.

पडद्यावर दोन चित्रे आली, शस्त्रक्रियेपूर्वीचे आणि आजचे. मी मराठीचा मास्तर. मला त्यात आमचा जुना वाडा दिसला! पुढचा कप्पा म्हणजे ओसरी, तिच्यामागे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा आणि पडद्याआड भिंग. वयाबरोबर हे भिंग धान्याच्या कणगीसारखे फुगते, साडेचार मिलिमीटरांच्या आसपास जाते आणि पडद्याला पुढे रेटते. ओसरी अरुंद होते, कोपऱ्यातली मोरी बुजू लागते. आता कणगी हलली होती. तिच्या जागी मिलिमीटरभर जाडीचे कृत्रिम भिंग बसले होते. (असे भिंग लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली प्रथम माणसाच्या डोळ्यात बसवले.) पडदा सपाट झाला होता, कोपरा मोकळा दिसत होता.

"मग धुके कसले?" आईने विचारले.

डॉक्टरांनी चित्रातल्या वरच्या कमानीवर बोट ठेवले. तो कॉर्निया. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. पण शस्त्रक्रियेच्या श्रमाने तो सुजला होता. "आतली जखम नीट मिटली आहे. सूज ओसरेल. थेंब मात्र चुकवू नका."

आई बराच वेळ चित्राकडे पाहत राहिली. तोंडी समजुतीने जे झाले नव्हते ते त्या करड्या रेघांनी केले.

पंधरा दिवसांनी तिने पंचांगातली बारीक अक्षरे वाचली आणि दुसऱ्या डोळ्यासाठी स्वतःच दिवस काढला. डॉक्टरांनी मग मलाही यंत्रापुढे बसवले. उथळ ओसरी घराण्यात चालत येते म्हणे. माझीही अरुंदच निघाली!

आई म्हणाली, "घाबरू नकोस. हनुवटी टेकायची, बस्स."