हसणारे काय मोजतात?

पुण्याच्या वायवे मोबिलिटी कंपनीने 2023 च्या ऑटो एक्स्पोत ‘ईवा’ ही विजेवरची चिमुकली गाडी दाखवली. छपरावर सौर पॅनेल, पुढे मधोमध एकटा चालक, मागे एक मोठं माणूस आणि एक मूल. असं काही दिसलं की आपल्या तोंडून पहिलं काय निघतं? ‘ही गाडी की बंद रिक्षा?’ आणि लगेच, ‘बाकीच्यांना कुठे बसवायचं?’

ही थट्टा आपण अडाणीपणा म्हणून सोडून देऊ नये. लोक आकाराला हसतात असं वाटतं, पण ते माणसं मोजत असतात. कामाला आपण एकटेच जातो, हे ठाऊक असतं. पण कर्ज काढतो ते सगळ्या घराला गावी नेता यावं म्हणून. नॅनोत तर चौघं बसत होती. तिला ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का नडला. रतन टाटांनीही ते पुढे कबूल केलं. माणसं मोजून झाली, की लोक मान मोजतात!

दिव्यात आणखी एक मोजमाप आहे. सौर छपरातून वर्षाला 3000 किलोमीटरपर्यंत, हा कंपनीचा दावा; म्हणजे रोज साधारण 8. पण इमारतीला इमारत खेटलेली, गाडीला ऊन लागणार कुठे? मग चार्जिंग आलं. चौथ्या मजल्यावरून वायर सोडायची? सोसायटीच्या सामायिक मीटरवर जोडली, तर बिल कोणी भरायचं? आमच्या मते, आकारापेक्षा या प्रश्नांवर गाडी अडते.