मोगाओ लेणी : पर्यटकाचा श्वास आणि भित्तिचित्रांचे आयुष्य

चीनच्या वायव्येस, गान्सू प्रांतातील दुनहुआंग या मरूद्यानापासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावर मोगाओ लेणी आहेत. इ. स. ३६६ मध्ये लेझुन नावाच्या भिक्षूने येथे पहिले लेणे खोदले, असे एका जुन्या शिलालेखावरून समजते. पुढे सुमारे एक हजार वर्षे हे काम चालू राहिले. चित्रे व मूर्ती असलेली ४९२ लेणी आणि सुमारे ४५,००० चौरस मीटर भित्तिचित्रे एवढा हा ठेवा आहे. १९८७ मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. पर्यटकाला मात्र यांपैकी साधारणतः आठच लेणी दाखविली जातात, आणि ती कोणती, हे तो स्वतः ठरवीत नाही. इतक्या दूर येऊन एवढेच दर्शन, ही तक्रार स्वाभाविक आहे. तिचे उत्तर लेण्यांच्या भिंतींतच सापडते.

येथील कडा वाळू व गोटे यांच्या पिंडाश्माचा आहे. त्यात मूर्ती कोरणे शक्य नसल्याने त्या मातीच्या घडविल्या गेल्या, आणि भिंतींना मातीचा गिलावा देऊन त्यावर चित्रे काढली गेली. खडकात व गिलाव्यात क्षार आहेत. हवेतील आर्द्रता वाढली की ते बाष्प शोषून विरघळतात. ती उतरली की त्यांचे पुन्हा स्फटिक बनतात. हे चक्र वारंवार घडल्याने गिलावा आतून भुसभुशीत होतो व रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. दुनहुआंग अकादमी व अमेरिकेतील गेटी संवर्धन संस्था यांच्या संयुक्त अभ्यासात सापेक्ष आर्द्रतेची मर्यादा ६२ टक्के ठरविण्यात आली. पंचवीस जणांचा गट लहानशा लेण्यात शिरला की केवळ श्वास व घाम यांनीच आर्द्रता वाढू लागते. पावसाळी दिवशी तर उघड्या दारातून येणारी दमट हवाच पुरेशी असते. म्हणून अशा वेळी लेणी बंद ठेवावी लागतात.

२०१४ मध्ये अकादमीने लेण्यांपासून दूर डिजिटल प्रदर्शन केंद्र सुरू केले. पर्यटक तेथे प्रथम दोन चित्रपट पाहतो. त्यांपैकी दुसरा घुमटाकार पडद्यावर लेण्यांचा अंतर्भाग उलगडून दाखवितो. त्यानंतर बसने लेण्यांकडे जाता येते. इतिहास समजून घेण्यात जाणारा वेळ अशा रीतीने लेण्यांच्या बाहेर खर्च होतो, हे या योजनेचे मर्म. नेहमीची तिकिटे दिवसाला ६,००० असून गर्दीच्या दिवसांत चार लेण्यांचे वेगळे तिकीट दिले जाते. छायाचित्रणास मनाई आहे. चित्रे पाहावयाची ती मार्गदर्शकाच्या विजेरीच्या झोतात. पडद्यावर ती अधिक स्पष्ट दिसतात, हे मान्य करावे लागेल. परंतु ९६ क्रमांकाच्या लेण्यातील ३५.५ मीटर उंच बुद्धमूर्तीचे माप तिच्या पायाशी उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

१७ क्रमांकाच्या लेण्याची गोष्ट निराळी. १९०० मध्ये येथे हजारो हस्तलिखिते सापडली. १९०७ मध्ये ऑरेल स्टाइन यांनी व पुढील वर्षी पॉल पेलिओ यांनी त्यांतील बराच मोठा भाग युरोपात नेला. इ. स. ८६८ मध्ये छापलेले वज्रच्छेदिका सूत्र आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. पर्यटकाला येथे दिसते ती ग्रंथांविना उरलेली एक छोटी खोली.

मराठी अभ्यासकाला २५७ क्रमांकाच्या लेण्यातील मृगजातक ओळखीचे वाटेल; रुरु मृगाची ती कथा अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातही रंगविलेली आहे. अजिंठ्याचा बेसाल्ट कठीण असल्याने मूर्ती खडकातच कोरता आल्या. चित्रांखालचा गिलावा मात्र तेथेही मातीचाच आहे.