सजावटीच्या पलीकडे : अंतर्गत वास्तुकलेचे पदव्युत्तर शिक्षण

दहावी-बारावीचे निकाल लागले की धर्मग्रामांतून मार्गदर्शन शिबिरे भरतात. पदवीनंतर पुढे काय, याविषयी मात्र तेथे क्वचितच बोलले जाते. वास्तुकलेची किंवा इंटिरियर डिझाइनची पदवी घेतलेला मुलगा वा मुलगी अंतर्गत वास्तुकलेत पदव्युत्तर शिक्षण घेण्याचा मनोदय बोलून दाखविते, तेव्हा आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो : घरे सजवण्यासाठी आणखी दोन वर्षे कशाला? प्रश्न रास्त आहे. या शिक्षणाला पैसा लागतो आणि पुष्कळदा त्यासाठी कर्ज काढावे लागते. म्हणून हा विषय काय आहे, त्यातून काय मिळते, काय मिळत नाही आणि आपल्या ख्रिस्तसभेला त्याचा कोणता उपयोग आहे, हे येथे मांडण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

विषयाचे स्वरूप

सजावटकार रंग, पडदे आणि फर्निचर निवडतो. इंटिरियर डिझायनर जागेची मांडणी, दिवे, साठवण, साहित्य यांचा आराखडा करतो. अंतर्गत वास्तुकला याच्या एक पाऊल पुढे जाते. आधीच उभी असलेली इमारत हाती घेऊन तिला नव्या गरजेसाठी कसे वळवावे, याचा ती विचार करते. कोणती भिंत छताचा भार पेलते आणि कोणती काढता येईल? उजेड कोठून येतो? आवाज कसा घुमतो? आग लागली तर माणसे कोणत्या वाटेने बाहेर पडतील? जुन्या गिरणीचे कार्यालय करताना किंवा जुन्या घराचे वाचनालय करताना या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात.

पदवीच्या वर्षांत विद्यार्थी प्रामुख्याने आराखडे काढण्याचे कौशल्य मिळवितो. पदव्युत्तर वर्गात त्याला इमारत वाचायला शिकवतात. तो जुनी वास्तू इंच-इंच मोजतो, तिचा इतिहास शोधतो, तिथे वावरणाऱ्या माणसांशी बोलतो आणि मगच रेघ ओढतो. शेवटी एखाद्या प्रश्नावर प्रबंध लिहून त्याला आपली रचना युक्तिवादासह मांडावी लागते. भारतात असे अभ्यासक्रम साधारणपणे दोन वर्षांचे असतात. अहमदाबादच्या सेप्ट या संस्थेत १९९१ साली इंटिरियर डिझाइनचे स्वतंत्र स्कूल सुरू झाले. तेव्हापासून हा विषय आपल्याकडे वास्तुकलेची केवळ एक पुरवणी राहिलेला नाही.

मास्ट्रिख्टचे चर्च

या विषयाचे सामर्थ्य आणि त्यातील पेच दोन्ही ध्यानात यावेत म्हणून नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट शहराचे उदाहरण घेऊ. तेथे तेराव्या शतकातील डॉमिनिकन संघाचे गॉथिक शैलीचे चर्च आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच राजवटीत ते संघाच्या हातून गेले. त्यानंतर त्याचे नाना उपयोग झाले. एके काळी तेथे सायकलीही ठेवल्या जात. २००६ साली तेथे पुस्तकांचे दुकान उघडले. दुकानाला सुमारे १,२०० चौरस मीटर जागा हवी होती, परंतु चर्चची जमीन होती अवघी ७५० चौरस मीटर. वास्तुरचनाकारांनी पोलादाचा बहुमजली सांगाडा उभारला आणि तो मध्यभागी न ठेवता एका बाजूला ठेवला. त्यामुळे दुसऱ्या बाजूने चर्चची पूर्ण उंची नजरेस पडते. सांगाडा स्वतंत्रपणे उभा असल्यामुळे उद्या तो काढून घेतला तरी मूळ वास्तू राहील. हीच या शास्त्राची कसोटी मानली जाते : नवे असे घालावे, की जुने पुसले जाऊ नये.

परंतु त्याच दुकानात, जेथे एके काळी वेदी होती त्या भागात, कॉफी पिण्यासाठी क्रुसाच्या आकाराचे मेज ठेवण्यात आले. रचना म्हणून ते कोणाला चतुर वाटेल, पण श्रद्धावंताच्या मनाला ते बोचल्याखेरीज राहत नाही. जागेला स्मृती असते आणि ती स्मृती कोणाची आहे हे रचनाकाराला ठाऊक असावे लागते. रिकाम्या होत चाललेल्या चर्चचे काय करावे, या प्रश्नावर नोव्हेंबर २०१८ मध्ये रोम येथे व्हॅटिकनच्या सांस्कृतिक परिषदेच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील कॅनन १२२२ नुसार, उपासनेसाठी वापरता न येणारे चर्च बिशप लौकिक उपयोगासाठी देऊ शकतात, मात्र तो उपयोग हीन नसावा. हीन काय आणि उचित काय, हे ठरविताना श्रद्धा आणि वास्तुकला दोन्ही जाणणारी माणसे हवी असतात.

आपल्या चर्चचा प्रश्न

आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. आपली चर्च रिकामी होत नाहीत. ती अपुरी पडतात. वसईतील काही धर्मग्रामांचा इतिहास सोळाव्या शतकापर्यंत मागे जातो. अशा ठिकाणी वाढत्या भाविकांसाठी जागा करताना जुन्याचे काय करायचे, हा विचार पुढे येतोच.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली उपासनाविषयक संविधान प्रसिद्ध केले. चर्च बांधताना भाविकांना उपासनेत सक्रिय भाग घेता यावा, हे त्यात सांगितले आहे. डामडौलापेक्षा उदात्त सौंदर्याला त्याने महत्त्व दिले आहे. पुढच्याच वर्षीच्या मार्गदर्शक सूचनेने वेदी भिंतीपासून सुटी असावी, तिच्याभोवती फिरता यावे व लोकांकडे तोंड करून मिस्सा अर्पिता यावा, असे सुचविले. जुन्या चर्चमधील वेदी मात्र भिंतीला लागून होती. नवी वेदी कोठे ठेवावी, वाचनपीठ कोठे असावे, गायनवृंद कोठे बसावा, हे सर्व प्रश्न अंतर्गत वास्तुकलेचेच होते. ते सर्वत्र तज्ज्ञांच्या हातून सुटले असे नाही.

दोन साधी उदाहरणे पाहू. चर्चच्या भिंतींना गुळगुळीत टाइल्स लावल्या की त्या पुसायला सोप्या जातात, पण आवाज त्यांच्यावर आपटून पुन्हा पुन्हा परततो. आवाज साठ डेसिबलने विरायला लागणाऱ्या वेळेला शास्त्रात प्रतिध्वनी-काळ म्हणतात. प्रवचन स्पष्ट कळण्यासाठी तो सुमारे एक सेकंद असावा लागतो, तर समूहगायनाला त्याहून अधिक मानवतो. तो बेसुमार वाढला की महागडे लाउडस्पीकर लावूनही मागच्या बाकावरच्या आजीला शुभवर्तमान ऐकू येत नाही. दुसरे उदाहरण चुन्याच्या भिंतींचे. चुना ओल शोषतो आणि बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा किंवा तैलरंग चढविला की ओल आतच कोंडते आणि काही पावसाळ्यांनंतर भिंत फुगू लागते. चांगल्या हेतूने दिलेली देणगी अशी वाया जाऊ शकते.

म्हणूनच कॅनन १२१६ चर्चची बांधणी व दुरुस्ती करताना तज्ज्ञांचा सल्ला घेण्यास सांगतो. कॅनन ११८९ नुसार पुरातन, कलापूर्ण किंवा विशेष भक्तीचा विषय असलेल्या मौल्यवान प्रतिमांची दुरुस्ती धर्माधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीवाचून करता येत नाही आणि तशी परवानगी देण्यापूर्वी त्यांनी तज्ज्ञांचे मत घ्यावयाचे असते. हे तज्ज्ञ आपल्याच धर्मग्रामांतून का घडू नयेत?

पदवी आणि पदनाम

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. भारतात १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झालेल्या व्यक्तीलाच ‘आर्किटेक्ट’ हे पदनाम लावता येते. या कायद्यातील कलम ३७ ची मनाई पदनामाच्या वापरापुरती आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये दिला. याचा अर्थ असा, की वास्तुकलेची मान्यताप्राप्त पाच वर्षांची पदवी नसताना केवळ अंतर्गत वास्तुकलेची पदव्युत्तर पदवी मिळविली, तर काम करता येईल, पण नावापुढे ‘आर्किटेक्ट’ लिहिता येणार नाही. नेदरलँड्समध्ये मात्र ‘इंटिरियर आर्किटेक्ट’ हेच कायद्याने संरक्षित पदनाम आहे आणि २०१५ पासून त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण व व्यावसायिक अनुभव दोन्ही लागतात. तिकडची पदवी घेऊन परतणाऱ्याने इकडचा कायदा बदलत नाही, हे आधीच समजून घ्यावे.

प्रवेशापूर्वी

एम. आर्क. साठी वास्तुकलेची पदवी लागते. एम. डेस. च्या अभ्यासक्रमांना इंटिरियर डिझाइनच्या पदवीधरांनाही प्रवेश मिळतो. प्रवेशाच्या वेळी गुणपत्रिकेइतकेच महत्त्व स्वतःच्या कामाच्या संग्रहाला असते. त्यात चकचकीत चित्रांपेक्षा एखादी जुनी जागा समजून घेऊन केलेले मोजमाप व टिपणे अधिक बोलकी ठरतात.

पालकांनी संस्थेला चार प्रश्न जरूर विचारावेत. पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे आणि तिला मान्यता कोणाची? शिक्षकांपैकी प्रत्यक्ष काम करणारे किती? विद्यार्थ्यांना खऱ्या इमारतीवर काम मिळते की फक्त संगणकावर? मागील तुकड्यांतील विद्यार्थी आज काय करीत आहेत? उत्तरे मोघम आली तर कर्जाच्या कागदावर सही करू नये. तसेच पदवीनंतर लगेच प्रवेश घेण्याऐवजी एक-दोन वर्षे एखाद्या कार्यालयात काम करून पुढे शिकणे अधिक हिताचे, असे आमचे मत आहे. ज्याने सुतार आणि गवंडी यांच्याबरोबर उन्हात उभे राहून काम पाहिले, त्याला वर्गातला प्रश्न कळतो.

ज्या घरात असा विद्यार्थी वा विद्यार्थिनी आहे, त्या घरी आमची एक विनंती आहे. येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर त्यांना चर्चमध्ये थोडा वेळ थांबू द्यावे. मागच्या बाकावरून वाचन ऐकू येते का, चाकाच्या खुर्चीवरील भाविक वेदीपाशी कसा पोहोचतो, कोणत्या भिंतीला ओल आहे, हे त्यांनी वहीत टिपावे आणि ती वही आपल्या प्रमुख धर्मगुरूंना दाखवावी. पदव्युत्तर अभ्यासाची सुरुवात याहून वेगळी नसते, आणि धर्मग्रामाची सेवाही त्यातूनच सुरू होईल.