सिमेंटच्या कोब्यास रंग

घरांतील सिमेंटचा कोबा रंगविणें हें काम दिसावयास सोपें; परंतु माझ्या हातून तें एकदां पुरतें फसलें आहे. पिशोर येथील माझ्या घराची ओसरी मीं भाद्रपदांत तांबड्या रंगानें रंगविली. दिवाळीस पाहुणे आले, तों पायांखालीं पापुद्रे! मीं दुकानदारास बोल लाविला. दोष मात्र माझाच होता. आमच्याकडील काळी माती पावसाचें पाणी फार दिवस धरून ठेवते. ती ओल कोब्याच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते आणि रंगास उचलून टाकते.

म्हणून आतां मी उन्हाळ्याची वाट पाहतों, आणि तरीही आधीं परीक्षा घेतों. हातभर लांबरुंद प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांस चिकटपट्टी लावून कोब्यावर बसवावा. दुसऱ्या दिवशीं त्याखालीं दंव धरलें किंवा कोबा काळवंडला, तर रंगाचा डबा उघडूंच नये. कोबा नवा असल्यास निदान २८ दिवस जाऊं द्यावेत.

घोटलेल्या गुळगुळीत कोब्यावर रंग धरत नाहीं. तेलकटपणा धुण्याच्या सोड्यानें काढून पृष्ठभाग पॉलिश-कागदानें खरवडावा. पाण्याचा थेंब मोत्यासारखा उभा न राहतां जिरला, म्हणजे काम झालें. कोणी सौम्य आम्लानें धुतात. त्यांनीं आम्ल पाण्यांत घालावें, आम्लांत पाणी कदापि नव्हे.

पहिला हात पातळ द्यावा, तो पुरता वाळल्यावर दुसरा. न्हाणीपुढें मीं रंगांत चाळलेली बारीक वाळू मिसळली. तेथें आमच्या मंडळींचा पाय एकदां घसरला होता.

ओसरी मीं यंदा वैशाखांत पुन्हां रंगविली. श्रावण सरला, न्हाणीच्या उंबऱ्याशीं एक फुगा आला आहे, बाकी रंग शाबूत आहे.