ईदच्या डब्यात घरचं चॉकलेट : खजूर आणि संत्र्याच्या सालीची कँडी अशी करा

मोताळा : ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी शेजारीपाजारी, मित्रांकडे, मुलांच्या शिक्षकांकडे जाते. पण शीरखुर्मा त्याच दिवशी संपवावा लागतो. पुण्याला किंवा मुंबईला नोकरीसाठी गेलेल्या भावाकडे, सासरी गेलेल्या बहिणीकडे तो पाठवता येत नाही. म्हणून हल्ली बऱ्याच घरांत ईदीच्या पाकिटासोबत चॉकलेटचा छोटा डबा देण्याची पद्धत पडू लागली आहे. बाजारातला तयार डबा महाग पडतो आणि त्यात नेमकं काय घातलंय याची खात्री नसते. घरी केलं तर दोन्ही प्रश्न सुटतात. मात्र आपल्याकडे तिसराच प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे उन्हाचा.

चॉकलेटमधलं कोको बटर साधारण ३४ अंशाला वितळतं. म्हणूनच चॉकलेट तोंडात ठेवताच विरघळतं. पण घाटाखालच्या मोताळा, मलकापूर, नांदुरा भागात मार्चअखेरीस दुपारी घरातलंच तापमान याच्या आसपास जातं. २०२५ मध्ये रमजान ईद ३१ मार्चला होती. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान असल्यामुळे ईद दरवर्षी मागे सरकते. येत्या काही वर्षांत ती आधी मार्चच्या मध्यावर आणि मग फेब्रुवारीच्या थंडीत येईल. म्हणजे रमजान ईदेसाठी हे काम दिवसेंदिवस सोपं होत जाणार आहे. बकरी ईद मात्र अजून काही वर्षं मे महिन्याच्या उन्हातच आहे. तेव्हा हा उद्योग न केलेला बरा.

ताजं फळ की सुकं?

इंटरनेटवर स्ट्रॉबेरी आणि द्राक्षं चॉकलेटमध्ये बुडवलेली दिसतात. दिसायला छान, पण भेट द्यायला चुकीची. ताज्या फळात पाणी भरपूर असतं. काही तासांत ते सुटतं, चॉकलेटच्या आवरणाखाली साठतं आणि उन्हाळ्यात फळ आंबायला लागतं. वरून डबा चांगला दिसतो, आत मात्र खराब झालेला असतो. ताज्या फळाचं चॉकलेट करायचंच असेल तर ते घरी इफ्तारला, त्याच दिवशी खाण्यापुरतं करा.

भेटीसाठी सुकं किंवा साखरेत मुरवलेलं फळच घ्यावं. साखर फळातलं पाणी बाहेर ओढते आणि उरलेलं पाणी धरून ठेवते, त्यामुळे जंतूंना वाढायला पाणी मिळत नाही. मुरंबा टिकतो तो याच कारणाने. खजुरात ही साखर निसर्गतःच असते. त्याशिवाय संत्र्याची साल, आवळा कँडी, टूटीफ्रुटी (ही कच्च्या पपईचीच असते), जर्दाळू, अंजीर, वसईकडची सुकेळी म्हणजे सुकवलेली केळी, हे सगळं चालतं.

खजूर तर ईदेचाच मेवा. ईदुल फित्रच्या नमाजला निघण्यापूर्वी प्रेषित मुहम्मद (स.) विषम संख्येत खजूर खात असत आणि तीच सुन्नत आजही घराघरांत पाळली जाते. संत्रं आपल्या विदर्भाचं. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाजारात येतात, म्हणजे ऐन रमजानात. इफ्तारला संत्री खाऊन साली फेकल्या जातात. त्या सालींचंच हे काम आहे.

पाकिटावर काय वाचायचं?

हिरवा ठिपका पाहिला की आपण निश्चिंत होतो. ते बरंचसं बरोबर आहे, पण पूर्ण नाही. हिरवा ठिपका असलेल्या पदार्थात जिलेटिन (प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनणारं) किंवा किड्यांपासून काढलेला कारमाइन हा लाल रंग (क्रमांक १२०) नसतो. अशा पदार्थांवर तपकिरी त्रिकोणाचं चिन्ह असतं. क्रमांक ४७१ चं इमल्सिफायर वनस्पतीचंही असतं आणि प्राण्याचंही. हिरव्या ठिपक्याच्या पाकिटात ते प्राण्याचं नसतं. ३२२ म्हणजे लेसिथिन, चॉकलेटमध्ये ते बहुतेक सोयाबीनचं असतं.

पण मद्य प्राण्यापासून बनत नाही. त्यामुळे रम किंवा लिकरचा स्वाद असलेल्या चॉकलेटवरही हिरवा ठिपका असू शकतो. म्हणून घटकांची यादी वाचायलाच हवी. व्हॅनिलाचा अर्क काही वेळा अल्कोहोलमध्ये काढलेला असतो, तेही बाटलीवर पाहावं. कशाबद्दल शंका वाटली तर आपल्या आलिमांना विचारा. आणि सोपा उपाय हवा असेल तर एसेन्स वापरूच नका. वेलचीची पूड, संत्र्याच्या सालीचा कीस किंवा चिमूटभर केशर एवढा स्वाद पुरेसा असतो.

कोणतं चॉकलेट घ्यायचं?

बाजारात दोन प्रकारच्या स्लॅब मिळतात. एक खरं चॉकलेट, ज्यात कोको बटर असतं. दुसरं कंपाउंड, ज्यात कोको बटरऐवजी पामसारख्या तेलापासून बनवलेली वनस्पती चरबी असते. मोर्डेसारख्या कंपन्यांच्या कंपाउंड स्लॅब केकचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतात. मोताळ्यात मिळाल्या नाहीत तर मलकापूर किंवा बुलढाण्याला विचारा.

कंपाउंड स्वस्त असतं, नुसतं वितळवून वापरता येतं आणि उन्हात थोडा जास्त तग धरतं. चव मात्र खऱ्या चॉकलेटची नाही. खरं चॉकलेट चवीला उत्तम, पण महाग. २०२४ मध्ये घाना आणि आयव्हरी कोस्ट या देशांत पीक कमी आल्याने कोकोचा जागतिक भाव टनाला १० हजार डॉलरच्या वर गेला होता. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी कंपाउंड घ्यावं. डबा एसटीने किंवा रेल्वेने लांब पाठवायचा असेल तरीही कंपाउंडच घ्यावं. घरच्यांसाठी आणि थंडीत करायचं असेल तर खरं चॉकलेट.

चॉकलेट भरलेले खजूर

साहित्य : अर्धा किलो मऊ पण कोरडे खजूर (साधारण ४० ते ५० नग), तेवढेच बदाम किंवा अक्रोडाचे तुकडे, ३०० ग्रॅम चॉकलेट, सजावटीला पिस्त्याचे काप किंवा खोबऱ्याचा कीस.

१) खजूर ओल्या कापडाने पुसून पूर्ण कोरडे करा. एका बाजूने चीर देऊन बी काढा. आत अळी किंवा बुरशी नाही ना, हे प्रत्येक खजूर उघडून पाहा.

२) बदाम मंद आचेवर पाच-सात मिनिटं भाजून गार करा आणि एकेक भरून खजूर दाबून बंद करा.

३) पातेल्यात दोन बोटं पाणी गरम करा, गॅस बंद करा आणि त्यावर चॉकलेटच्या तुकड्यांचं कोरडं स्टीलचं भांडं ठेवा. भांड्याचा तळ पाण्याला टेकू देऊ नका. ढवळत राहिलं की चॉकलेट हळूहळू वितळतं.

४) काट्याच्या चमच्यावर खजूर घेऊन बुडवा, जास्तीचं निथळू द्या आणि बटर पेपरवर ठेवा. ओलं असतानाच वर पिस्ता टाका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाण्याचा एक थेंबही चॉकलेटमध्ये जाता कामा नये. थोड्याशा पाण्याने त्यातली साखर आणि कोकोची पूड एकमेकांना चिकटते आणि सगळ्याचा घट्ट गोळा होतो. तसं झालंच तर फेकू नका. गरम दूध घालून ढवळा, मुलांसाठी छान चॉकलेट सॉस होतो. बुडवण्यासाठी मात्र दुसरं चॉकलेट घ्यावं लागेल.

संत्र्याच्या सालीची कँडी

साहित्य : पाव किलो साल, पाव किलो साखर, एक कप पाणी, १५० ग्रॅम चॉकलेट.

१) संत्री सोलण्याआधी कोमट मिठाच्या पाण्यात चोळून धुवा, कारण फवारणीचे अंश सालीवरच राहतात. सालीचे बोटाएवढे लांब, पातळ काप करा.

२) काप पाण्यात पाच मिनिटं उकळा आणि ते पाणी फेकून द्या. असं दोनदा करा. चाखल्यावर कडू लागले तर तिसऱ्यांदा करा. नागपुरी संत्र्याची साल पातळ असते, म्हणून जोरात उकळू नका. मोसंबीची साल जाड असते, तिला तीनदा उकळावंच लागतं.

३) साखर आणि पाण्याचा पाक करून त्यात काप टाका. अगदी मंद आचेवर ३० ते ४० मिनिटं शिजवा. काप काचेसारखे पारदर्शक दिसले की झाले. घाई करून आच वाढवली तर बाहेरची साखर कडक होते आणि आत पाणी राहतं. तीच कँडी पुढे बुरसते.

४) काप चाळणीत निथळून, जाळीवर मलमलचं कापड झाकून एक-दोन दिवस सावलीत वाळवा. हाताला चिकटेनासे झाले की अर्धा भाग चॉकलेटमध्ये बुडवा.

उरलेला संत्र्याचा पाक बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. इफ्तारला पाणी आणि लिंबू घातलं की सरबत तयार. उकळता पाक अंगावर उडाला तर खोलवर भाजतो, म्हणून या कामात लहान मुलांना गॅसजवळ येऊ देऊ नका. त्यांच्यासाठी वेगळं काम आहे. शंभर ग्रॅम टूटीफ्रुटी आणि तेवढेच भाजलेले शेंगदाणे गार होत आलेल्या वितळलेल्या चॉकलेटमध्ये मिसळून चमच्याने बटर पेपरवर छोटे ढीग घालायचे. हे मुलं हौसेने करतात.

खऱ्या चॉकलेटची चमक

खरं चॉकलेट नुसतं वितळवून वापरलं तर ते नीट घट्ट होत नाही आणि दोन दिवसांत वर पांढरट डाग येतात. ती बुरशी नसते, कोको बटर वर आलेलं असतं. खायला धोका नाही, पण भेट म्हणून बरं दिसत नाही. कोको बटरचे स्फटिक वेगवेगळ्या प्रकारे जमतात आणि त्यातला एकच प्रकार चमकदार, कडक असतो. तो जमावा म्हणून ही युक्ती. ३०० ग्रॅम डार्क चॉकलेटपैकी २०० ग्रॅम ४५ अंशांपर्यंत वितळवा, खाली उतरवा आणि उरलेलं १०० ग्रॅम बारीक चिरून त्यात घाला. ३१-३२ अंशांपर्यंत येईतो ढवळा. मिल्क चॉकलेटसाठी २९-३० अंश. थर्मामीटर नसेल तर थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला लावा. गरमही नाही, गारही नाही असं वाटलं पाहिजे.

वेळ साधा : सहरीनंतरचा तास

मोताळ्यात हे काम दुपारी करू नका. सहरी आणि फजरनंतर सूर्य वर येईपर्यंतचा वेळ सर्वांत थंड असतो. भरलेले खजूर आणि वाळलेले काप रात्रीच तयार ठेवले तर पहाटे तासाभरात बुडवून होतात. चाखून पाहायचं काम इफ्तारनंतर.

कूलर मात्र बंद ठेवा. कूलरची हवा गार असली तरी दमट असते. ती ओल चॉकलेटवर बसते, साखर विरघळते आणि वाळल्यावर वर खरखरीत थर येतो. त्यापेक्षा पंखा बरा. घट्ट होत नसेल तर ताट दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. नंतर हवाबंद डब्यात भरून तो फ्रीजमध्येच राहू द्या. बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर घाम सुटतो. लाइट वारंवार जात असेल तर फ्रीजचं दार कमीत कमी उघडा.

डबा देताना

प्रत्येक नग कागदी वाटीत ठेवा आणि डब्यावर केल्याची तारीख लिहा. चॉकलेट खजूर पंधरा दिवसांत, संत्र्याची कँडी तीन आठवड्यांत संपवावी. आत बदाम, अक्रोड, शेंगदाणे आहेत हेही लिहा, कारण काहींना त्यांची ॲलर्जी असते. चार वर्षांखालच्या मुलांना अख्खा बदाम भरलेला खजूर देऊ नका, तो घशात अडकू शकतो. त्यांच्यासाठी बदामाची पूड भरा. मधुमेह असलेल्या घरी खजूर आणि चॉकलेट दोन्ही म्हणजे साखरेवर साखर. तिथे भाजलेले बदाम-अक्रोड द्यावेत, तीही भेटच आहे.

काही भगिनी याकडे छोट्या व्यवसायाच्या नजरेने पाहतात, आणि ते योग्यच आहे. पण एक डबा विकला तरी नियम लागू होतात. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही नोंदणी करावी लागते. ती फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होते आणि चौदा आकडी क्रमांक मिळतो. पाकिटावर तो क्रमांक, घटक, वजन, तारीख आणि हिरवा ठिपका हवा. भाव ठरवताना चॉकलेट आणि खजुरासोबत डबा, गॅस आणि स्वतःची मेहनत धरायला विसरू नका. बहुतेक जणींचं नुकसान इथेच होतं. पहिल्या वर्षी ऑर्डर घेऊन तेवढंच करा. साठा करून ठेवलेलं चॉकलेट उन्हात वितळलं तर सगळा नफा त्यातच जातो.

रमजानात खर्चाची ओढाताण असतेच. त्यामुळे आधी सदका-ए-फित्र, घरातल्या मुलांचे कपडे, आणि मग हे. अर्धा किलो खजुरात दहा घरांना चार-चार नग सहज पुरतात. त्या दहा घरांत एक-दोन घरं अशी धरा जिथून परत डबा येण्याची अपेक्षा नाही. आणि जी शेजारीण दिवाळीला फराळाचं ताट पाठवते, तिचा डबा सर्वांत आधी भरून ठेवा.