मधुमेही व्यक्तींचा आहार

मधुमेहात इन्शुलिनाच्या अभावामुळे किंवा त्याची क्रिया अपुरी पडल्यामुळे रक्तातील ग्लुकोजाचे प्रमाण वाढते. ते मर्यादेत राहावे म्हणून रोजच्या अन्नाची निवड, प्रमाण व वेळ ठरविणे हा चिकित्सेचा आवश्यक भाग आहे. १९२२ मध्ये इन्शुलीन प्रथम रुग्णास टोचण्यात आले. त्यापूर्वी जवळजवळ उपासमार घडविणारा आहार दिला जाई. आता त्याचे कारण उरलेले नाही. मधुमेह्यासाठी घरात वेगळा स्वयंपाक करण्याचीही सहसा गरज नसते.

मुंबईच्या भांडुपसारख्या उपनगरात कोकणातून आलेल्या कुटुंबांत भात व मासळी, तर घाटावरून आलेल्यांत भाकरी किंवा पोळी हे मुख्य अन्न असते. भात सोडून भाकरी खाल्ली की साखर वाढत नाही, हा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे. १०० ग्रॅ. तांदळात सुमारे ७८ ग्रॅ. कार्बोहायड्रेटे असतात, ज्वारीतही ती ७० ग्रॅ.च्या आसपास असतात. ज्वारीत तंतुमय भाग अधिक असल्याने तिचे पचन काहीसे सावकाश होते. परंतु दोन भाकऱ्यांच्या जागी चार खाल्ल्यास हा लाभ नाहीसा होतो. १९८१ मध्ये टोराँटो येथे डेव्हिड जेन्किन्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला ग्लायसिमिक निर्देशांक अन्नामुळे ग्लुकोज किती झपाट्याने वाढते हे दर्शवितो. खाण्याचे प्रमाण त्यात येत नाही.

म्हणून ताटाकडे एकत्रित पाहावे लागते. निम्मा भाग पालेभाज्या, दुधी, पडवळ, काकडी यांचा, पाव भाग उसळ, घट्ट वरण, अंडे किंवा मासळीचा आणि उरलेला पाव भाग भात अथवा भाकरीचा, अशी विभागणी सोयीची ठरते. मासळीत कार्बोहायड्रेटे जवळजवळ नसतात. ती तळण्यापेक्षा तिचे कालवण बरे. बटाट्याची गणना भाजीत न करता धान्याबरोबर करावी. वरण-भात, पोळी व बटाट्याची भाजी हे ताट साधे दिसते, पण त्यात स्टार्च तीन ठिकाणांहून येते. गूळ हाही मुख्यत्वे सुक्रोजच असल्याने साखरेऐवजी गूळ घेऊन काही साधत नाही.

उपवासाच्या दिवशी विशेष दक्षता हवी. टॅपिओकाच्या कंदांपासून बनविलेला साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च होय. उलट, इन्शुलीन किंवा सल्फोनिलयूरिया वर्गातील गोळ्या घेऊन जेवण टाळल्यास ग्लुकोज धोकादायक पातळीपर्यंत उतरते. पाळीवर काम करणाऱ्यांच्या व लोकलगाडीत अडकलेल्यांच्या बाबतीतही हे घडते. घाम, कंप, गोंधळलेपण ही त्याची लक्षणे होत. रक्तातील प्रमाण १०० मिलि.ला ७० मिग्रॅ.पेक्षा कमी असल्यास सुमारे १५ ग्रॅ. साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून त्वरित घ्यावे व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी. रुग्ण शुद्धीवर नसल्यास तोंडाने काहीही देऊ नये. मूत्रपिंडे बिघडलेल्यांच्या आहारात प्रथिने व पोटॅशियम यांचे प्रमाण वैद्याने स्वतंत्रपणे ठरवावे लागते.